अभ्यासक्रम अपूर्ण

सोमवार, ३१ ऑगस्ट १९८१

आज टाचण काढायचं नाही, म्हणून ही वही उघडली. दोन वर्षं रोज संध्याकाळी उद्याच्या पाठाचं टाचण लिहायची हाताला सवय झाली आहे. हात रिकामा राहिला की राग तोंडावाटे बाहेर पडतो आणि आईशी भांडण होतं. त्यापेक्षा कागद बरा.

शाळा बंद झाली. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात गॅस्ट्रोची साथ आहे हे दहा दिवस घराघरात माहीत होतं. कचेरीला आज कळलं. दुपारी पंचायत समितीचा शिपाई कागद घेऊन आला. साथ आटोक्यात येऊन पुढील आदेश होईपर्यंत शाळा बंद ठेवावी, इमारत आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यावी. तासाभरात माझ्या चौथीच्या वर्गातल्या बसायच्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या आणि खाटा लागल्या. सलाईनची बाटली टांगायला काही मिळेना, तेव्हा कंपाउंडरने महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि त्याचा खिळा वापरला.

दिनानाथ चुरी गुरुजी आमचे मुख्याध्यापक. त्यांना विचारलं, "मुलांना काय सांगायचं? किती दिवस?" ते चष्मा पुसत म्हणाले, "घरी जा, सालोमीबाई. हुकूम आहे." या माणसाच्या तोंडात हुकूम सोडून दुसरा शब्द नाही.

माझ्या वर्गातली बेबी तांडेल गुरुवारी गेली. बुधवारी ती फळ्यावर भागाकार करत होती. बाकी चुकली म्हणून मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं.

शाळा बंद करायलाच हवी होती, हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं नाही.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

आईला मात्र बरं वाटतंय. मुलगी दिवसभर घरी, होळी गावातल्या आमच्या वाडीत पानवेलींना पाणी घालायला दोन हात जास्त. "देवानेच तुला विसावा दिला," म्हणाली. मी म्हटलं, देवाने गॅस्ट्रो पाठवला का मला विसावा द्यायला? तिने कपाळावर क्रूस केला.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

सहा आठवडे झाले. कुणी काही कळवत नाही. शेवटी एसटी पकडून मीच अर्नाळ्याला गेले.

शाळेत एकही रुग्ण नाही. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, शेवटची खाट गेल्या महिन्याच्या अखेरीस उचलली. मग शाळेला कुलूप का? खिडकीच्या गजांतून पाहिलं. माझ्या वर्गात ब्लीचिंग पावडरची पोती भिंतीपर्यंत रचली आहेत. मुलं गेली, रुग्ण गेले, आता पोती शिकतायत.

किनाऱ्यावर गेले. बोंबील खूप लागलेत. खांब रोवून आडव्या दोऱ्या बांधतात त्याला इथे वलांडी म्हणतात. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या टांगायच्या. माझा अर्धा वर्ग तिथे जोड्या लावत होता. शकूने मला आधी पाहिलं. माझ्या वर्गातली सर्वांत चांगली वाचणारी मुलगी. माझ्या पिशवीत चौथीचं पुस्तक होतं. तिच्या हातात दिलं, म्हटलं, सातवा धडा वाच.

घडाघडा वाचला. मला इतकं हायसं वाटलं! आणि तेवढ्यात एक गोष्ट दिसली. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य तिच्या तोंडातून आलं.

माझ्या डब्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. तो सोडवून तिच्यापुढे धरला. "हे वाच." तिने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "बाई, हा धडा आपला झाला नाय."

"झाला नसू दे. अक्षरं तीच आहेत."

तिने एक 'क' ओळखला, एक 'मा' ओळखला. 'प्रकल्प' या शब्दापाशी थांबली आणि हाताचा बोंबलाचा वास माझ्या कागदाला लागू नये म्हणून कागद दोन बोटांनी परत दिला.

बुधवार, १४ ऑक्टोबर

शकू विसरली, की तिला कधी आलंच नव्हतं? काल रात्रभर हाच प्रश्न. जूनमध्ये विस्तार अधिकारी तपासणीला आले होते, तेव्हा मी तिलाच उभं केलं होतं. "उत्तम वाचन" असा शेरा मिळाला होता मला. तो शेरा घरी आईला वाचून दाखवला होता.

आज चुरी गुरुजींच्या घरी गेले. म्हटलं, इमारत रिकामी आहे, आपण उघडू. ते म्हणाले, "इमारत आरोग्य खात्याकडे आहे. ते सांगतील शिक्षण खात्याने मागावी. शिक्षण खातं सांगेल आरोग्याने सोडावी. वरून आदेश आल्याशिवाय मला कुलपाला हात लावता येणार नाही."

मी म्हटलं, मग मी उघड्यावर शिकवते. ते एकदम भलत्याच विषयावर गेले. म्हणाले, शाळेच्या मागच्या पडवीत एक पाय मोडलेला फळा पडलाय, तो दप्तरातून कमी केलेला आहे, म्हणजे तो असला काय नि नसला काय, कुणी विचारणार नाही. आणि खडूंचा एक खोका ओल लागून वाया गेला असं त्यांना नोंदवायचं आहे, तोही तिथेच आहे. मी मुलांबद्दल बोलतेय आणि हे गृहस्थ मोडक्या फळ्याची नोंद घेऊन बसलेत! चहा अर्धा टाकून उठले.

फळा मात्र उचलून आणला. नाहीतरी तो कुणाच्या हिशेबात नाही.

सोमवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. पप्पांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आईबरोबर जायचं होतं. मी सकाळच्या एसटीने अर्नाळ्याला गेले. आई म्हणाली, "बापाला एक दिवस देता येत नाही तुला?" मी म्हटलं, "पप्पा कुठे जाणार नाहीत. पोरं चाललीत." बोलून गेले आणि वाटभर ते वाक्य टोचत राहिलं.

फळा एका वलांडीच्या खांबाला टेकवला. बायका हसल्या. शकूची आई कृष्णाबाई त्यांच्यातली सगळ्यांत मोठ्या आवाजाची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, शाला बंद हाय ती बरी हाय. पोरी हाताखाली आल्या. तुमी त्यांना बसवून ठेवाल तर मासली कोन लावंल?"

"बसवणार नाही. कामं करू देत."

"मग शिकवनार कसं?"

"तोंडाने."

तिने कमरेवरचे हात खाली घेतले. "हात आमचं, तोंड तुमचं," ती म्हणाली. "पन कावल्यांनी मासा नेला तर तुमच्या डोक्यावर."

तेराचा पाढा, बोंबलाच्या जोड्या लावत. तेरा एके तेरा, एक जोडी. मी स्वतःही लावत होते. संध्याकाळी एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

आज प्रत्येकाला वेगळं बोलावून तपासलं. पुस्तकातलं काही नाही, फळ्यावर मी मनाने लिहिलेलं वाक्य. जे आहे ते लिहिते.

ऑगस्टमध्ये एकतीस मुलं. बेबी गेली. सहा सापडत नाहीत: दोन मोठ्या होडीवर, एक मुंबईला कुणाच्या घरकामाला, यमुना वालीवच्या एका कारखान्यात, दोन नुसतीच "गावाला". उरली चोवीस. अनोळखी वाक्य वाचता आलं पाच जणांना. हातच्याची वजाबाकी, नऊ जणांना. भागाकार कुणालाच नाही. तिघींना स्वतःचं नाव लिहिताना काना कुठे द्यायचा ते आठवेना.

यातलं किती साथीने नेलं आणि किती मी दिलंच नव्हतं, हे वेगळं काढता येत नाही. ताप उतरल्यावर हाडं दिसावीत तसं झालंय. साथ आली नसती तर मी ही मुलं पाचवीत ढकलली असती आणि पुन्हा "उत्तम" शेरा मिळवला असता.

ठीक आहे. आता दिसलंय ना? मग पहिलीपासून सुरुवात. बाराखडी. लाज गेली खड्ड्यात.

शनिवार, २१ नोव्हेंबर

तीन आठवडे एकही दिवस चुकला नाही. पुस्तक बंद. रोज नवीन वाक्य, त्यांच्याच तोंडचं. "माझ्या आईने पापलेट विकले." "खेकडा बापाला चावला." त्यांनी बोलायचं, मी फळ्यावर लिहायचं, त्यांनी वाचायचं. खेकड्याच्या वाक्याला सगळे इतके हसले की 'चा' सगळ्यांना कायमचा आला.

तहान लागली की मुलं घरी पळतात आणि परत येत नाहीत, म्हणून खांबापाशी एक माठ ठेवला. सकाळी विहिरीवरून मीच भरते. 

एक गोष्ट खटकते. चुरी गुरुजी रोज अकराच्या सुमारास छत्री घेऊन किनाऱ्यावर येतात, होड्यांपाशी उभे राहतात, पाच मिनिटांनी जातात. जवळ येत नाहीत, बोलत नाहीत. कचेरीत खबर कोण देणार हे आता मला माहीत झालं.

बुधवार, २ डिसेंबर

मेमो आला. गुरुजींनी स्वतः आणून दिला. "साथरोगाच्या काळात बंदीचा आदेश मोडून मुलांचा जमाव केल्याबद्दल आपणांस निलंबित का करू नये."

तारीख पाहिली. सतरा नोव्हेंबर! पंधरा दिवस हा माणूस कागद दाबून बसला! मी तोंडावर विचारलं. म्हणाले, "टपाल कुठेतरी राहिलं असेल." सतराला मिळाला असता तर तुम्हाला तेव्हाच वर्ग बंद करावा लागला असता, असं वरून मलाच ऐकवलं. बंद केला असता होय मी! 

मग म्हणाले, उत्तरात लिहा की ही शाळा नव्हे, मी मच्छीमार बायकांना भेटायला जाते. "शाळा हा शब्द तेवढा टाळा, बाई. एका शब्दाने नोकरी जाते."

"त्या एका शब्दासाठीच मी तिथे जाते, गुरुजी."

उत्तर लिहिलं. चार ओळी. त्यात शाळा हा शब्द चार वेळा घातला.

सोमवार, ७ डिसेंबर

शकू आजारी पडली. पहाटेपासून जुलाब, उलट्या. तिला विरारच्या दवाखान्यात नेलंय. 

मंगळवार, ८ डिसेंबर

डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिते? शेजारची बाई म्हणाली, घरात उकळूनच देतात, साथ झाल्यापासून. मग आणखी कुठे? मी तिथेच उभी होते. माठ. विहिरीचं पाणी, न उकळता, रोज सकाळी मी माझ्या हाताने भरलेलं. घरी पळू नयेत म्हणून.

कृष्णाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मी तिला सांगितलं, पाणी माझं होतं. ती शकूचे पाय चोळत राहिली.

बेबीच्या वेळी माझा हात नव्हता. या वेळी आहे.

आज मेमोवाले मला बरोबर वाटतात. तीन महिने मी त्यांना मूर्ख म्हणत होते. साथ संपली असं मीच ठरवलं. कुणाला विचारलं? कोणत्या अधिकाराने? मला वाटलं माझा राग म्हणजेच खरेपणा.

शुक्रवार, ११ डिसेंबर

वर्ग बंद आहे. आईने विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, आता घरी बस. ती शेगडीवरचं भांडं उतरवून म्हणाली, "तुझ्या पप्पांनी एकदा कीड पडली म्हणून सगळ्या वेलींवर औषध मारलं नि जास्त मारलं. अर्धी बाग जळली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्धीला पाणी घालायला गेले की नाही?"

तिने रविवारच्या मिस्सात शकूचं नाव प्रार्थनेला दिलंय.

बुधवार, १६ डिसेंबर

शकू घरी आली. काठीसारखी झालीय, पण डोळे जागेवर. मी भेटायला गेले. दारातून आत जायचं धाडस होईना. कृष्णाबाई बाहेर आली.

"सात दिस शाला नाय," ती म्हणाली.

"मी आता घेणार नाही. तुमची मुलगी माझ्यामुळे..."

"तुमच्यामुलं तर तुमच्यामुलं. मी काय नाय म्हनते?" तिचा आवाज चढला. "मना राग हाय. मरेपर्यंत राह्यल. पन पोर खाटेवर परून दवाखान्याची पाटी वाचत व्हती. 'थुंकू नये.' मना विचारते, आये, 'थुं'चा उकार बारका नि 'कू'चा मोठा का? मी काय सांगू तिला? मना येते का? सकालपासून भात शिजवायच्या टोपात पानी उकलते मी. फला घेऊन या."

किनाऱ्यावर खांबापाशी जाऊन खूप रडले. मग माठ फोडला. उगाच फोडला, माठाची काय चूक. 

सोमवार, ११ जानेवारी १९८२

विस्तार अधिकारी साहेब जीपने आले. थेट वाळूत. मुलं उठून उभी राहिली, हातात बोंबील.

"हे काय चाललंय?"

"शाळा."

"शाळा बंद आहे."

"इमारत बंद आहे, साहेब. साथ संपून साडेतीन महिने झाले. आत पावडरची पोती आहेत."

त्यांनी कागद काढला. "एक मुलगी तुमच्या या प्रकारामुळे आजारी पडली. नाकारता?"

"नाही. पाणी मी भरलं होतं. लिहून घ्या, मी सही करते."

ते गोंधळले. नाकारणाऱ्या माणसाची तयारी करून आले होते. तेवढ्यात कृष्णाबाई मध्ये आली, हात खवल्यांनी भरलेले. "पोर माजी हाय, सायब. तकरार मी केली का? कोन केली? आन शाला कोन उघरनार, ते सांगा आधी."

"आरोग्य खात्याने ताबा सोडला की..."

"तुमी मागलाव काय त्यांच्याकडं?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. "मागलाव काय?" वलांडीच्या सगळ्या बाया कामं टाकून गोळा झाल्या होत्या. साहेब म्हणाले, तशी कार्यपद्धती नाही. कृष्णाबाईने माझ्याकडे पाहिलं, "बाई, कारेपदती म्हंजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे मागितलं नाही."

जाताना त्यांनी माझं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. सालोमी घोन्साल्विस. स्पेलिंग मीच सांगितलं, चूक नको.

सोमवार, १८ जानेवारी

शाळा उघडली. आदेश आलेला नाही. 

आज सकाळी कृष्णाबाई आणि पंधरा-वीस बाया टोपल्या बाजूला ठेवून शाळेपाशी गेल्या. कुलूप तोडायला कोयता घेतला होता. पण नशीब असं की कुलूप नुसतं लटकत होतं, लावलेलंच नव्हतं. चुरी गुरुजी इतके विसराळू! आदेश आदेश करतात आणि कुलूप लावायचं भान नाही. बायांनी पोती उचलून आरोग्य केंद्राच्या दारात नेऊन ठेवली. माझ्या वर्गाची जमीन पांढरी पडली होती. तीन वेळा धुतली. दुपारी पट्ट्या अंथरल्या.

संध्याकाळी हजेरीपट पाहिला आणि डोकं भडकलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, सगळी पानं भरलेली. गुरुजींच्या अक्षरात. शाळा बंद असताना खोटी हजेरी! मी पट घेऊन त्यांच्या टेबलावर आपटला.

"खोटं कुठे आहे ते दाखवा," ते शांतपणे म्हणाले.

मी शोधायला बसले. शकू, सात डिसेंबरपासून गैरहजर. बरोबर. आठ ते सोळा, सगळा वर्ग बंद. बरोबर. पाच नोव्हेंबरला चोवीस. वीस नोव्हेंबरला कुणाच्या तरी लग्नामुळे अकराच. बरोबर. एक फुली चुकलेली सापडली नाही.

वाद घालायच्या तयारीने गेले होते. पट जागेवर ठेवून आले.

मंगळवार, ३० मार्च

आज पुन्हा कागद. सर्व वर्गशिक्षकांनी "अभ्यासक्रम पूर्ण झाला" असा दाखला सही करून द्यावा. साथीमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झालेले नाही असं जिल्ह्याला कळवायचं आहे. चौथीची सगळी मुलं वर घालायची.

म्हणजे पाच महिने झालेच नाहीत. यमुना वालीवला नाहीच. परवा मी तिला आणायला गेले होते, कारखान्याच्या फाटकात येऊन म्हणाली, "नाय येत, बाई. आय साथीत गेली, आता घर मी बघते." मला माहीतच नव्हतं. बेबीसाठी मी रडले आणि यमुनाची आई गेल्याचं मला सात महिन्यांनी कळलं. तिला मी काय दाखला देऊ?

दाखल्यावर 'पूर्ण' खोडलं आणि 'अपूर्ण' लिहिलं. खाली चोवीस नावं, प्रत्येकापुढे काय येतं आणि काय येत नाही. वाचन, चौदा जणांना येतं. भागाकार, सहा जणांना. न सापडलेली सहा नावंही लिहिली. त्यापुढे लिहिलं: शाळेने यांना शोधलं नाही.

चुरी गुरुजींनी वाचलं. मला वाटलं परत देतील. त्यांनी शिक्का काढला, फुंकर घातली आणि माझ्या सहीशेजारी मारला. "शाई पुसट आहे," म्हणाले आणि पुन्हा मारला.

शुक्रवार, ३० एप्रिल

बदली. मोखाडा तालुका. जूनपासून. शिक्षा असं कुठे लिहिलेलं नाही, "प्रशासकीय सोय" असं लिहिलंय. दाखला दुरुस्त करून दिल्यास फेरविचार होईल, असं साहेबांनी निरोप धाडलाय.

आईला वाटलं मी दुरुस्त करावा. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "मोखाड्याला थंडी असते. गोधडी काढते."

मला भीती वाटत नाही असं लिहिणार होते. वाटते. मोखाड्याला मी कुणाला ओळखत नाही. पण दुरुस्त करणार नाही. चौदा जणांना येतं, पंधरा नाही.

आणि सुट्टी घेणार नाही. मे महिना माझ्या हातात आहे.

रविवार, २३ मे

उरलेल्या दहा जणांचा वर्ग रोज सकाळी. आता होड्या ओढून वर घेतल्यात, त्यांच्या सावलीत बसतो. आणखी तिघांना वाचता आलं. शकू मदतीला येते. तिची शिकवायची पद्धत म्हणजे ओरडणे. कुणाकडून उचलली ते मला विचारायचं नाही.

कृष्णाबाई विचारत होती, तुमी गेल्यावर या सातांचं काय? जूनला हायस्कुलात पाचवीत जातील, तिथले मास्तर यांना मागच्या ओळीत बसवतील आणि दिवाळीपर्यंत ती होडीवर. नवीन बाई कोण येईल, माहीत नाही. गुरुजींना विचारण्यात अर्थ नाही, तेही ३१ तारखेला निवृत्त होतायत. त्यांचा निरोपसमारंभ आहे, नारळ आणि शाल. 

मंगळवार, १ जून

आज माझा इथला शेवटचा आठवडा सुरू झाला. सकाळी सात मुलं, शकू आणि मी. कृष्णाबाई आणि बाया होड्या झावळ्यांनी शाकारत होत्या. मी भागाकार घेतला होता. चौऱ्याऐंशीला सातने.

होडीमागून छत्री आली. चुरी गुरुजी. या वेळी लांब थांबले नाहीत. वहाणा काढून हातात घेतल्या, वाळूतून चालत आले आणि पोरांच्या ओळीत धप्पकन बसले. काल दिलेली शाल खांद्यावर, इतक्या उकाड्यात.

"गुरुजी, काही काम होतं?" मी विचारलं.

"हो. तुमची गाडी कधी आहे?"

"सोमवारी."

"म्हणजे सहा दिवस आहेत." त्यांनी मुलांकडे एकेक करून पाहिलं. सगळ्यांची नावं घेतली, न चुकता. मग माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं निरोपाचा हात, मी माझा पुढे केला. त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला.

"एकतीस वर्षं मुख्याध्यापकाची खुर्ची सांभाळली, बाई. शिकवायचं विसरलोय. सहा दिवसांत मला दाखवा, तुम्ही हे कसं करता. मग मंगळवारपासून मी आहे."

"पण गुरुजी, साहेब... आदेश नाही..."

ते हसले. आजपर्यंत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात नाही त्यांना.

"मी आता कोण आहे?" ते म्हणाले. "कुणी नाही. मला कोण मेमो देणार?"

पलीकडून कृष्णाबाई झावळी ओढत ओरडली, "गुरुजी, त्या दोरीवरनं उठा! होरीची हाय ती!"

गुरुजी उठले, शाल झटकली आणि फळ्यापाशी गेले. चौऱ्याऐंशी लिहिलं.

"हं," ते म्हणाले, "आठात सात किती वेळा जातात?"

"एकदा!" सातही जण ओरडले.